स्कुतारीचे बराक रुग्णालय

स्कुतारीचे बराक रुग्णालय हे क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३–१८५६) ब्रिटिश सैन्याने तुर्कस्तानात चालवलेले प्रमुख लष्करी रुग्णालय होते. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजच्या इस्तंबूल शहरासमोर, बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाई काठावर उस्कुदार हे उपनगर आहे. त्यालाच युरोपीय लोक स्कुतारी म्हणत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यामुळे हे नाव जगभर पोहोचले. मात्र १८५४–५५ च्या हिवाळ्यात येथे चार हजारांहून अधिक सैनिक मरण पावले आणि त्यांतील बहुसंख्य शत्रूच्या शस्त्राने नव्हे तर रोगाने दगावले, ही गोष्ट त्या मानाने कमी परिचित आहे. आधुनिक लष्करी वैद्यकाच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या रुग्णालयाला जे स्थान मिळाले, ते या मृत्यूंच्या कारणांचा जो शोध पुढे घेतला गेला त्यामुळे.

पार्श्वभूमी

रशिया आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यात १८५३ मध्ये सुरू झालेल्या युद्धात मार्च १८५४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उतरले. दोस्तांचे सैन्य प्रथम काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील वार्ना येथे जमले. तेथे उन्हाळ्यातच पटकीची साथ पसरली. एकही मोठी लढाई होण्यापूर्वी शेकडो सैनिक तिला बळी पडले. याच आजारलेल्या सैन्याला सप्टेंबरमध्ये जहाजांवर चढवून क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले. उतरताना पाठीवरच्या पिशव्या जहाजांवरच ठेवण्याचा हुकूम झाला. या लहानशा हुकुमाचे परिणाम दूरवर जाणार होते, कारण रुग्णालयात दाखल होणाऱ्या सैनिकाने सदरा, चमचा, काटा इत्यादी वस्तू आपल्या पिशवीतून आणाव्यात असा लष्कराचा नियम होता. पिशवीच नसलेला सैनिक नियमाच्या दृष्टीने या वस्तूंचा मालक होता. प्रत्यक्षात त्याच्या अंगावरच्या मळक्या, रक्ताने भरलेल्या गणवेशाखेरीज त्याच्याजवळ काही नव्हते.

२० सप्टेंबर १८५४ रोजी आल्मा नदीकाठी पहिली मोठी लढाई झाली. पाठोपाठ २५ ऑक्टोबरला बालाक्लाव्हाची आणि ५ नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली. सेव्हास्तोपोलला घातलेला वेढा लवकर उठेल ही अपेक्षा फोल ठरली आणि सैन्याला उघड्या माळावर हिवाळा काढावा लागला. १४ नोव्हेंबरच्या वादळात तंबू उडाले. गरम कपड्यांचा मोठा साठा घेऊन आलेले ‘प्रिन्स’ हे जहाज बालाक्लाव्हाबाहेर बुडाले.

इमारत आणि तेथवरचा प्रवास

तुर्की सरकारने ब्रिटिशांना रुग्णालयासाठी दिलेली सेलिमिये बराक ही मुळात सुलतान तिसरा सेलीम याने आपल्या नव्या फौजेसाठी बांधलेली छावणी होती. पुढे ती जळाली व दुसऱ्या महमूदच्या काळात दगडी स्वरूपात पुन्हा उभी राहिली. मध्ये विस्तीर्ण चौक, चारी बाजूंनी लांबच लांब मजले आणि कोपऱ्यांवर मनोरे अशी तिची रचना आहे. बाहेरून इमारत भव्य दिसे. आत मात्र एका बाजूचा भाग आगीत निकामी झालेला होता, फरशा फुटलेल्या होत्या आणि भिंती ओलाव्याने पाझरत होत्या. दालने भरल्यावर रुग्णांना मार्गिकांतच ओळीने झोपवले जाई. अंथरुणे इतकी जवळजवळ होती की दोहोंमधून माणसाने जेमतेम जावे.

सर्वांत मोठा दोष जमिनीखाली होता. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, शौचकूप भरून वाहत होते आणि वारा सुटला की गटारातील हवा नळांवाटे थेट रुग्णांच्या दालनांत येत असे. अतिसार आणि आमांश झालेल्या शेकडो माणसांसाठी दालनांत लाकडी पिंपे ठेवलेली असत. ती रिकामी करणे हे कोणाचे काम, हा प्रश्न सुटलेला नसे.

रणभूमीपासून हे रुग्णालय काळ्या समुद्रापलीकडे सुमारे ५०० किलोमीटरवर होते. जखमी सैनिकाला प्रथम बालाक्लाव्हाच्या धक्क्यापर्यंत आणावे लागे. ब्रिटिशांजवळ रुग्णवाहक गाड्या फार थोड्या होत्या. फ्रेंचांजवळ खेचरांवर दोन्ही बाजूंना बसवायच्या खुर्च्या होत्या आणि पुष्कळदा ब्रिटिश रुग्णही त्यांवरूनच धक्क्यावर येत. पुढे जहाजांत दाटी. आल्मानंतर ‘कँगरू’ नावाच्या जहाजावर त्याच्या सोयीच्या कित्येक पट माणसे कोंबण्यात आली होती. वाटेतच अनेक जण दगावत, त्यांना समुद्रात सोडले जाई. जे पोहोचत ते चिखलाच्या चढावरून डोलीने किंवा सोबत्याच्या खांद्याचा आधार घेत रुग्णालयाच्या दारी येत.

उपचार

त्या काळच्या रायफलींतून सुटणारी शंकूच्या आकाराची मिनी गोळी मऊ शिशाची असे. ती हाडाला लागली की हाडाचा चुरा होई आणि कपड्यांचे तुकडे जखमेत खोल जात. अशा जखमेवर शस्त्रवैद्यांजवळ मुख्य उपाय एकच होता, तो म्हणजे अवयव कापणे. तो जितक्या लवकर होईल तितकी जगण्याची शक्यता अधिक, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ पासून सुरू झाला होता. तथापि क्रिमियातील ब्रिटिश सैन्याचे वैद्यकीय प्रमुख डॉ. जॉन हॉल यांनी गंभीर जखमींच्या बाबतीत त्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला होता. शस्त्राची वेदना रुग्णाला सचेत ठेवते, असे त्यांचे मत होते. बहुतेक शस्त्रवैद्यांनी या सूचनेकडे दुर्लक्ष करून क्लोरोफॉर्म वापरले. स्कुतारीत शस्त्रक्रिया इतर रुग्णांच्या डोळ्यांदेखत, त्याच दालनात होत असत. तेथे पडदे लावण्याची व्यवस्था नाइटिंगेल यांच्या आग्रहामुळे झाली.

जंतूंमुळे जखमा चिघळतात हे ज्ञान तेव्हा नव्हते. जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोग दूषित हवेतून, कुजक्या वासातून पसरतो ही समजूत सर्वमान्य होती. १८५४ मध्येच लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकीचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडून दाखवला होता, पण तो बहुतेकांना पटलेला नव्हता. डॉक्टरांना दोष देताना ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. त्यांची संख्याही अपुरी होती. शुश्रूषेचे काम बऱ्या होत आलेल्या सैनिकांवर सोपवलेले असे आणि ते काम शिकू लागले की त्यांना पलटणीत परत बोलावले जाई.

पुरवठा आणि नियम

स्कुतारीच्या दुरवस्थेचे कारण म्हणून टंचाईचा उल्लेख नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे. पुष्कळ वस्तू आलेल्या होत्या. त्या रुग्णापर्यंत पोहोचत नव्हत्या. अन्नधान्य रसद खात्याकडे, रुग्णालयातील विशेष आहार व सामान पुरवठा अधिकाऱ्याकडे, इमारतीची दुरुस्ती तिसऱ्याच खात्याकडे आणि औषधोपचार डॉक्टरांकडे अशी विभागणी होती. प्रत्येक जण आपल्या नियमाबाहेर पाऊल टाकण्यास कचरत असे, कारण विनापरवानगी केलेला खर्च त्याच्या खिशातून वसूल होण्याची भीती होती. आलेल्या मालाची पाहणी मंडळाने केल्याखेरीज गठ्ठे उघडता येत नसत. मायदेशाहून आलेले २७,००० सदरे या कारणाने उघड्या रुग्णांच्या जवळच कित्येक दिवस बांधलेले पडून राहिले. स्वयंपाकघरात मांसाचे तुकडे मोठ्या हंड्यांत एकत्र उकळले जात. आपला तुकडा ओळखता यावा म्हणून प्रत्येक गट त्याला खिळा, बटण, कापडाची चिंधी असे काहीही बांधी. मांस हाडासकट तोलून वाटले जाई, त्यामुळे एखाद्याच्या वाट्याला नुसते हाड येई. हाडे काढून मांस वाटावे ही सूचना, त्यासाठी नवा नियम करावा लागेल या कारणाने मान्य झाली नाही.

असाच प्रकार आघाडीवरही होता. स्कर्व्हीने सैनिकांच्या हिरड्या सुजत असताना सुमारे २०,००० पौंड लिंबाचा रस डिसेंबर १८५४ मध्ये बालाक्लाव्हाला पोहोचला. दैनंदिन शिध्यात त्याचा समावेश करण्याचा हुकूम नसल्याने तो फेब्रुवारीपर्यंत वाटला गेला नाही. स्कुतारीत येणारा रुग्ण या उपासमारीतून आणि थंडीतून आलेला असे. एरवी सहज सोसला असता असा अतिसारही त्याला पेलत नसे.

परिचारिकांचे आगमन

ऑक्टोबर १८५४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ वृत्तपत्राने रुग्णालयातील हाल प्रसिद्ध केले. बातमीदाराची पत्रे इतक्या जलद वाचकांपर्यंत पोहोचण्याचा हा पहिलाच मोठा प्रसंग होता. फ्रेंच सैन्याजवळ धर्मभगिनी आहेत आणि आपल्याजवळ कोणी नाही, ही तुलना इंग्रज वाचकांना विशेष झोंबली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी १५ ऑक्टोबरला नाइटिंगेल यांना पत्र लिहून परिचारिकांचे पथक नेण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबरला त्या ३८ स्त्रियांसह निघाल्या. त्यांपैकी १४ रुग्णालयांत काम केलेल्या परिचारिका होत्या, उरलेल्या रोमन कॅथलिक व अँग्लिकन संस्थांच्या भगिनी होत्या. ४ नोव्हेंबरला, इंकरमनच्या लढाईच्या आदल्या दिवशी, पथक स्कुतारीला पोहोचले.

लष्करी डॉक्टरांना हे पथक नको होते. त्यांच्या दृष्टीने ही सरकारने लादलेली देखरेख होती, डॉ. हॉल यांनी तर रुग्णालयाची स्थिती समाधानकारक असल्याचा अहवाल आधीच दिलेला होता. नाइटिंगेल यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणीही रुग्णाला हात लावायचा नाही असा नियम आपल्या पथकाला घालून दिला. काही दिवस परिचारिका पट्ट्या व उशा शिवत बसल्या. इंकरमनचे जखमी जहाजे भरून येऊ लागले तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना बोलावले.

पुढील महिन्यांत नाइटिंगेल यांनी केलेले काम प्रचलित चित्रापेक्षा बरेच रूक्ष होते. ‘टाइम्स’च्या निधीतून आणि आपल्या पैशांतून त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातून सदरे, ताटे, ब्रश, साबण, टॉवेल खरेदी केले. एक घर भाड्याने घेऊन तेथे बंब बसवले आणि सैनिकांच्या बायकांकडून कपडे धुण्याची व्यवस्था केली. आजाऱ्यांच्या पेजेसाठी व सूपासाठी वेगळे स्वयंपाकघर चालवले. जळालेला भाग दुरुस्त करण्यास कोणी खाते पुढे येईना तेव्हा त्यांनी स्वतः कामगार लावून सुमारे ८०० रुग्णांची सोय केली. एका अर्थाने त्या या रुग्णालयाच्या भांडारप्रमुखच बनल्या. आजारी सैनिकाच्या पगारातून दररोज नऊ पेन्स कापले जात आणि जखमीच्या पगारातून साडेचार. खंदकात भिजून तापलेला माणूस जखमीपेक्षा कमी दर्जाचा ठरवणारा हा भेद त्यांच्या प्रयत्नाने रद्द झाला. सैनिकांचे पैसे घरी पाठवण्याची आणि वाचनालयाची सोयही त्यांनीच सुरू केली.

रात्री दालनांतून फिरताना त्यांच्या हाती असणाऱ्या दिव्यावरून पुढे ‘दीपधारिणी’ ही प्रतिमा तयार झाली. चित्रांत दिसणारा तेलाचा चंचुपात्रासारखा दिवा कल्पित आहे. प्रत्यक्षात तो कापडी भिंतीचा, घडी होणारा तुर्की कंदील होता. १८५५ च्या वसंतात लंडनचे प्रसिद्ध आचारी आलेक्सी सोयर स्वखर्चाने आले. त्यांनी स्वयंपाकघराची घडी बसवली. त्यांनी योजलेली शेगडी ब्रिटिश सैन्यात विसाव्या शतकातही वापरात होती.

स्वच्छता आयोग

नाइटिंगेल यांच्या आगमनानंतर मृत्यू कमी झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आकडे तसे सांगत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मृत्युदर सतत वाढत गेला. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेतलेल्या दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ जण मरण पावले. रुग्ण अधिक खंगलेले येत होते हे एक कारण. दाटी वाढत होती आणि गटारे तशीच होती हे दुसरे.

दरम्यान ब्रिटिश संसदेत चौकशीची मागणी मंजूर होऊन जानेवारीअखेर अ‍ॅबरडीन यांचे सरकार पडले. पामरस्टन यांच्या नव्या सरकारने डॉ. जॉन सदरलँड, डॉ. हेक्टर गॅव्हिन आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांचा स्वच्छता आयोग पाठवला. मार्चच्या आरंभी तो स्कुतारीला आला. नुसता अहवाल न देता कामे आपल्यासमोर पुरी करून घ्यावीत, असा त्याला स्पष्ट आदेश होता. या आदेशातच त्याच्या यशाचे मर्म आहे. आयोगाने गटारे उपसून धुतली, आवारातील घाण शेकडो हातगाड्या भरून हलवली, मेलेली जनावरे पुरली, भिंतींना चुना दिला, छपराजवळ हवा खेळण्यासाठी झरोके पाडले आणि पाणी येणारा पाट तपासला. त्या पाटात मेलेला घोडा सापडला. जूनपर्यंत मृत्युदर दर १०० रुग्णांमागे सुमारे २ वर आला. ऋतू बदलला होता, आघाडीवरील शिधा सुधारला होता आणि दाटीही ओसरली होती. त्यामुळे सगळे श्रेय आयोगाला देता येत नाही. सदस्यांचा विश्वास दूषित हवेच्या सिद्धान्तावर होता, म्हणजे कारणमीमांसा चुकीची होती. उपाय मात्र बरोबर लागू पडला.

आकडेवारी आणि वाद

युद्धात ब्रिटिशांचे सुमारे २१,००० सैनिक मरण पावले. त्यांपैकी सुमारे २,७५० रणांगणावर, सुमारे २,००० जखमांमुळे नंतर आणि १६,००० हून अधिक रोगांनी. एकट्या जानेवारी १८५५ या महिन्याचा हिशोब नाइटिंगेल यांनी पुढे दिला आहे. पूर्वेकडील सैन्याचे सरासरी बळ त्या महिन्यात ३२,३९३ होते. त्यात पटकी, ताप, आमांश यांसारख्या टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१, जखमांनी ८३ आणि इतर कारणांनी ३२४ माणसे गेली. हाच वेग वर्षभर टिकला असता तर नवी भरती वगळता सगळे सैन्य नाहीसे झाले असते. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत, सैन्य मोठे असूनही, त्याच रोगांचे बळी पन्नासहून कमी होते.

१८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर नाइटिंगेल यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने या नोंदी तपासल्या. १८५८ मध्ये त्यांनी हे आकडे वर्तुळाकार आकृतीत मांडले. तीत बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या असून रोगांसाठी निळा, जखमांसाठी लाल आणि इतर कारणांसाठी काळा रंग आहे. निळ्या रंगापुढे लाल पट्टी किती अरुंद दिसते, हे संसद सदस्यांना एका दृष्टिक्षेपात कळावे हा हेतू होता.

तुलनेत स्वतः स्कुतारीचेच रुग्णालय त्या हिवाळ्यात अत्यंत घातक ठरल्याचे दिसले. अभ्यासक ह्यू स्मॉल यांनी १९९८ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, सैनिक उपासमारीने व अतिश्रमाने मेले असे युद्धकाळात मानणाऱ्या नाइटिंगेल यांना गटारांचे महत्त्व या आकड्यांनी पटवले आणि त्याचा त्यांच्या मनावर खोल आघात झाला. सर्व चरित्रकारांना हे मत मान्य नाही. इमारतीची मलनिस्सारण व्यवस्था परिचारिका प्रमुखाच्या अधिकारात नव्हती, हा त्यावरील आक्षेप ग्राह्य वाटतो. १८५५ नंतरच्या त्यांच्या लेखनात हवा, पाणी व गटारे यांना औषधांपेक्षा वरचे स्थान मिळाले, याविषयी मात्र मतभेद नाही.

इतर सैन्यांची रुग्णालये

फ्रेंचांची व्यवस्था पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिशांपेक्षा सरस होती. पण ती सुधारली नाही. १८५६ च्या आरंभी फ्रेंच रुग्णालयांत टायफसने थैमान घातले, तेव्हा शेजारच्या ब्रिटिश छावण्या तुलनेने निरोगी होत्या. रशियन बाजूला वेढ्यात सापडलेल्या सेव्हास्तोपोलमध्ये शस्त्रवैद्य निकोलाय पिरोगोव्ह यांनी जखमींची दारातच पाच वर्गांत विभागणी करण्याची पद्धत बसवली, मोडलेल्या हाडांसाठी प्लास्टर वापरून अनेकांचे अवयव वाचवले आणि बधिरीकरणाचा सरसकट उपयोग केला. ग्रँड डचेस येलेना पावलोव्हना यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या भगिनीमंडळाच्या स्त्रिया तेथे तोफांच्या माऱ्यात काम करत होत्या. जमैकाच्या मेरी सीकोल यांना लंडनमध्ये परिचारिका म्हणून नकार मिळाला. त्या स्वतःच्या पैशाने आल्या आणि बालाक्लाव्हाजवळ त्यांनी खाणावळ व औषधोपचाराचे ठिकाण चालवले.

ब्रिटिशांनी युद्धाच्या अखेरीस डार्डेनेल्सच्या काठी रेंकियोई येथे अभियंता ब्रुनेल यांच्या आराखड्याप्रमाणे लाकडी रुग्णालय उभारले. त्याचे सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने आले. प्रत्येक दालन वेगळे, हवेशीर, स्वतंत्र निचरा असलेले होते. सुमारे १,३०० रुग्णांपैकी तेथे ५० च्या आसपासच दगावले. येणारे रुग्ण आधीच्या हिवाळ्याइतके खंगलेले नव्हते, हे ध्यानात ठेवूनही हा फरक मोठा आहे.

परिणाम आणि भारताशी संबंध

१८५७ मध्ये सैन्याच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. शांततेच्या काळातही बराकींत राहणाऱ्या सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट असल्याचे त्याने दाखवले. १८६० मध्ये लष्करी वैद्यकाचे विद्यालय सुरू झाले. ते पुढे नेटली येथे गेले आणि भारतीय वैद्यकीय सेवेत येणारे अधिकारी तेथेच शिकू लागले. त्याच वर्षी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले.

भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर दर हजारी ६९ असल्याचे त्यात नोंदले होते. या आयोगासाठी भारतातील छावण्यांकडून आलेली माहिती नाइटिंगेल यांनी तपासली आणि तीतून पाणी व मैला यांच्या व्यवस्थेविषयी टिपण लिहिले. अहवालानंतर मुंबई, मद्रास व बंगाल या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले आणि ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही पत्रे लिहून विचारविनिमय केला. त्या भारतात कधीच आल्या नाहीत.

सद्यःस्थिती

सेलिमिये बराक आजही लष्कराच्या ताब्यात असून तेथे तुर्की सैन्याच्या पहिल्या आर्मीचे मुख्यालय आहे. एका मनोऱ्यात नाइटिंगेल यांच्या स्मरणार्थ लहान संग्रहालय आहे. जवळच हैदरपाशा येथील दफनभूमीत १८५७ मध्ये उभारलेला स्मारकस्तंभ दिसतो. तिच्यातील अधिकाऱ्यांच्या थडग्यांवर नावे आहेत. त्या हिवाळ्यात मेलेल्या सामान्य सैनिकांना मोठ्या चरांत एकत्र पुरण्यात आले होते. त्यांच्या जागा दाखवणारे दगड नाहीत.